फांदी दुपारी वाकवायची

मावशी ‘बरं’ म्हणाल्या आणि कपबशा विसळायला वळल्या. एवढंच झालं. भांडण नाही, काम सोडायची भाषा नाही, भांड्यांची आदळआपट नाही. आवाज चढला होता तो माझाच, आणि तोही शेजारी ऐकू जाणार नाही इतपत. सोसायटीत राहून राहून जी पट्टी गळ्यात बसते, त्याच पट्टीत. पण त्या ‘बरं’मध्ये काहीतरी होतं. पानात नावडतं वाढलं तर पाहुणा ते मुकाट्याने खाऊन उठतो, तसं काहीसं. गेलं वर्षभर ते माझ्या डोक्यात अधूनमधून वाजतं, आणि वाजतं ते नेमकं सकाळी, गुलाबाला पाणी घालताना.

गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळीच्या आधीचा आठवडा, म्हणजे घरातली प्रत्येक वस्तू आपली जागा सोडून भलतीकडे बसलेली. साफसफाईसाठी मावशी त्या दिवशी दुपारीही आल्या होत्या. मी ऑफिसातून आले, पर्स टाकली आणि सवयीने आधी खिडकीशी गेले. मुलुंडला चौथ्या मजल्यावर आमच्या बेडरूमच्या खिडकीला बाहेर आलेली ग्रिल आहे. तिच्यात निळा प्लास्टिकचा ड्रम अर्धा कापून गावठी गुलाब लावलाय. (ग्रिलमध्ये कुंड्या ठेवू नयेत अशी नोटीस दर पावसाळ्याआधी लागते. नोटिशीखाली सही करणाऱ्यांच्या ग्रिलमध्ये तुळस, कोरफड आणि एक आंब्याचं रोप आहे.) पाऊस सरता सरता त्या गुलाबाने बुंध्यातून दोन पाणसोट, म्हणजे जोमदार नवे कोंब, काढले होते. जाड, हिरवेगार, तांबूस काट्यांचे, आणि सरळ. इतके सरळ की बघता बघता त्यांचे शेंडे वरच्या मजल्यावरच्या एसीच्या डब्याला टेकायला आले. फुलं मात्र एकेका शेंड्यावर दोन-तीनच, आणि वास जायचा तो पाचव्या मजल्यावर. तरी मी खूश होते. घरात मूल उंच झालं की मार्कांकडे जरा कानाडोळा होतो, तसं.

त्या संध्याकाळी दोन्ही फांद्या आडव्या होत्या. ग्रिलच्या खालच्या सळईला, मिठाईच्या खोक्याच्या सोनेरी दोरीने बांधलेल्या. एक नीट कमानीसारखी. दुसरी बुंध्यापासून हातभरावर पिचलेली. तिथे जुन्या साडीची चिंधी गुंडाळली होती आणि चिंधीवर ओल्या मातीचा लेप. मोडल्या हाताला घरच्या घरी कामट्या बांधाव्यात, तसा सगळा प्रकार. मला पहिल्यांदा दिसली ती चिंधी. बाकी काही दिसलंच नाही.

रात्रभर राग मुरला. सकाळी साडेसातला मावशी आल्या तेव्हा मी तयार होते. “मला विचारल्याशिवाय झाडांना हात लावायचा नाही,” मी म्हटलं. “लागलं तर लागलं, पडलं तर पडलं. पण हात लावायचा नाही.” कपडे वाळत घालताना काटे लागतात म्हणून त्यांनी फांद्या बाजूला दाबून बांधल्या असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. विचारलं नाही. त्या ‘बरं’ म्हणाल्या.

मावशी माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहेत. मुंबईत हे नातं वयाचं नसतं, कामाचं असतं. त्या मला ताई म्हणतात.

त्यानंतर त्यांनी खरोखरच हात लावणं सोडलं. आधी त्या केर काढताना पिवळी पानं वेचायच्या, चहाचा चोथा धुऊन ड्रममध्ये टाकायच्या, तांदळाचं धुवण आठवणीने ओतायच्या. यातलं मी काहीच सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे ते बंद झालेलं कळायलाही मला आठवडा लागला. दिवाळीत पाकीट दिलं ते दरवर्षीपेक्षा जाड दिलं. का दिलं ते मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत असावं, कारण त्यांनी ते मोजलं नाही. मग एका लग्नासाठी आम्ही चार दिवस पुण्याला गेलो. किल्ली मावशींकडे. परत आले तर घर लख्ख आणि ग्रिलमधली झाडं माना टाकलेली. “पाणी नाही घातलंत?” “तुम्हीच म्हणला होता ना ताई, हात लावायचा न्हाई.” त्यात खोच नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं.

आपल्याकडे चुकलं म्हणायला शब्द नाही असं नाही. पण गाडीत पायावर पाय पडला की आपण ‘सॉरी’ म्हणतो, आणि ‘चुकलं माझं’ म्हणतो ते कानाला हात लावून, देवापुढे. मधल्या माणसांसाठी आपल्याकडे पाकीट असतं, साडी असते, ‘जेवून जा’ असतं. मी तिन्ही करून पाहिलं.

आणि तिकडे फांदीवर डोळे हलायला लागले होते.

गुलाबाच्या फांदीवर जिथे जिथे पान असतं, तिथे पानाच्या देठाच्या बगलेत एक डोळा असतो. मोहरीएवढा, कधी त्याहूनही बारीक, खोडाच्याच रंगाचा. शोधल्याशिवाय दिसत नाही. उभ्या फांदीवर वरचे दोन-तीन डोळे जागे असतात, खालचे सगळे झोपलेले. साधारण दहा-बारा दिवसांनी मी दोरी सोडायला गेले, कारण आता ती फांदी सरळ करावी असं माझं चाललं होतं, आणि बघते तर कमानीच्या पाठीवर लाल लाल टोकं. काडेपेटीतल्या काडीच्या गुलासारखी. मोजली. चौदा डोळे, त्यातले अकरा फुटलेले. चार दिवसांत ती टोकं बोटभर झाली, मग वीतभर, सगळी आकाशाकडे तोंड करून, आडव्या फांदीवर ओळीने उभी. कोवळी पानं तांब्याच्या रंगाची होती आणि कडांना इतकी पातळ की सकाळचं ऊन त्यातून आरपार यायचं. मग प्रत्येक फुटव्याच्या टोकाला कळ्या, एकेका जागी दोन-तीन. पिचलेल्या फांदीवरही आले, पण सहाच. तिचं एका बाजूचं लाकूड सालीसकट शाबूत राहिलं होतं, तेवढ्या पट्टीतून तिचं पाणी वर जात होतं. चिंधीखाली गाठ धरली होती.

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी, दादरच्या फूलबाजारात भाव विचारायचीही सोय नसते अशा दिवशी, माझ्या ग्रिलमध्ये एका वेळी एकोणीस गुलाब उमलले होते.

“मावशी, बघितलंत?” मी न राहवून म्हटलं. त्या ओटा पुसत होत्या. “डोळं फुटलं तवाच दिसलं मला,” म्हणाल्या. “बेंडिंग केलं की फुटतंयच ते.”

बेंडिंग. हा शब्द त्यांच्या तोंडून आला आणि मी गप्प बसले. सहा वर्षं त्या आमच्याकडे येताहेत. त्यांच्या मुलाच्या दहावीचे मार्क मला माहीत आहेत, नवऱ्याच्या मणक्याचं ऑपरेशन माहीत आहे, त्यांना वांगं चालत नाही हे माहीत आहे. मुंबईला येण्याआधी त्या काय करत होत्या, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मुंबईला येण्याआधी माणसाचं काहीतरी असतं, हे आपण, निदान मी, गृहीतच धरत नाही. मावशी मावळातल्या. तळेगावच्या बाजूला एक्स्प्रेसवेवरून जे पांढरे प्लास्टिकचे तंबू दिसतात, त्यांतल्या एका पॉलीहाऊसमध्ये त्या अकरा वर्षं कामाला होत्या. गुलाबाच्या.

तिथलं काम त्यांनी मला नंतर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता. रोप लावलं की पहिली कळी खुडायची. मग फांद्या गुडघ्याच्या उंचीवर वाकवायच्या, दोन्ही बाजूंना, वाफ्याच्या कडेने. त्या वाकलेल्या फांद्यांनी फुलं द्यायची नसतात. त्यांनी पानं धरायची आणि झाडाला खाऊ घालायचं. मग बुंध्यातून जे जाड कोंब येतात, त्यांच्यावर विकायचं फूल. सकाळी तोडणी, मग दांड्याच्या लांबीने प्रतवारी, चाळीस सेंटिमीटरचा वेगळा, साठचा वेगळा, मग वीस-वीसचे बंच. कळीवर जाळीची टोपी. जानेवारीच्या शेवटी परदेशी जाणाऱ्या मालाची घाई, की फेब्रुवारीच्या चौदा तारखेआधी पोचला पाहिजे, तेव्हा रात्रपाळी. “दिवसभर वाकूनच,” मावशी म्हणाल्या. “ती वाकवता वाकवता आमचीच बेंडिंग झाली की.” आणि हसल्या. त्यांचं कंबर धरून उठणं मी रोज बघत होते. ते फरशी पुसण्याचं समजत होते.

मग मी वाचायला लागले. माझी ही जुनी खोड, आधी चिडायचं आणि मग अभ्यास करायचा. फांदीच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं द्रव्य तयार होतं, ते फांदीतून खाली उतरत राहतं, आणि जोवर ते उतरतंय तोवर खालचे डोळे झोपून असतात. शेंडा सगळ्यात वर असेपर्यंत त्याचंच राज्य. फांदी आडवी केली की हा कारभार ढिला पडतो. कमानीच्या पाठीवरचा जो तो डोळा आता आपणच वर आहोत असं समजून फुटायला लागतो. साहेबाच्या बागांमध्ये एकोणिसाव्या शतकात हे सर्रास चालायचं. लांब काठ्यांसारख्या वाढणाऱ्या झुडपी गुलाबांची टोकं वाकवून जमिनीत खुंट्या ठोकून बांधायचे, आणि शेंड्यावर चार फुलं यायची तिथे फांदीभर यायची. त्यासाठी नावाजलेल्या गुलाबांत बूर्बाँ जातीचेही होते.

इथे मला माझ्या झाडाची गंमत वाटली. ते नागावचं, अलिबागजवळच्या सासूबाईंच्या वाडीतलं. त्यांनी पेन्सिलीएवढी काडी तिरपी कापून, केळीच्या ओल्या सोपटात गुंडाळून दिली होती, “गावठी आहे, मरायचं नाही,” असं म्हणून. मांडव्याहून लाँचमध्ये मी ती खारा वारा लागू नये म्हणून ओढणीखाली धरून आणली. मुंबईत हातगाडीवरून ‘सेंटेड आहे मॅडम’ म्हणून घेतलेली चार कलमं त्याआधी माझ्याकडे मेलेली होती. पहिल्या पावसात काळे ठिपके पडून पानं झडायची, मग वर बांधलेला कलमाचा डोळा सुकायचा आणि ज्याच्यावर तो बांधलेला ते खालचं जंगली खुंट तेवढं जोमाने वाढायचं. ही काडी मात्र स्वतःच्या मुळांवर उभी राहिली. ऑगस्टमध्ये हिचीही पानं झडतात, ऑक्टोबरात ही उघडी-वाघडी दिसते, पण जात नाही. राणीच्या बागेत महापालिकेचं फुलांचं प्रदर्शन भरतं, तिथे मी एकदा हिचं फूल डब्यात घालून नेलं. एका म्हाताऱ्या माळीबुवांनी नाकाशी धरलं आणि म्हणाले, “एडवर्ड.”

एडवर्ड! नागावच्या विहिरीवरचा आमचा गावठी गुलाब! तर हा एडवर्ड म्हणजे बूर्बाँच. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाला पूर्वी बूर्बाँ म्हणत. तिथे शेतांच्या कुंपणाला दोन गुलाब लावायची पद्धत होती, वर्षातून पुन्हा बहर देणारा सुगंधी दमास्क आणि बारमाही फुलणारा चिनी. कुंपणात त्या दोघांचं जमलं. १८१९च्या सुमारास त्याचं बी पॅरिसला पोचलं आणि तिकडे त्याच्यापासून मोठा खानदानी वंश निघाला. आपल्याकडे मात्र तो गावठी ठरला, इतका की दुसऱ्या मानाच्या गुलाबांचे डोळे भरायला खुंट म्हणून वापरात आला. गावठी म्हणून आपण आणखीही एक गुलाब ओळखतो, गडद लाल, मऊ मानेचा, वासाला भारी. तो १८९७ सालचा, ऑस्ट्रिया-हंगेरीकडचा. ‘ग्रुस आन टेप्लिट्झ’ असं त्याचं बारशाचं नाव. आपल्या जिभेला ते वळणारं नव्हतं, म्हणून तोही गावठी.

तर वाकवल्याने फुलं येतात, हे आता माझ्या खिडकीत सिद्ध झालेलं होतं, आणि माझी खरी पंचाईत इथे झाली.

मला सासरी पाठवताना आईने लव्हाळ्याचा दाखला दिला होता. सगळ्याच आया देतात. पूर येतो, मोठी झाडं जातात, लव्हाळं राहतं, वगैरे. मग बँकेत लागले तिथेही वाकण्याचंच, फक्त तिथे त्याला ‘अ‍ॅडजस्ट करा’ म्हणायचे. तीस वर्षं मी त्या लव्हाळ्याशी भांडत आलेय. माझ्या मुलीला मी तो दाखला दिला नाही, याचा मला अजून अभिमान आहे. आणि आता माझाच गुलाब एकोणीस फुलं घेऊन आईच्या बाजूने साक्ष द्यायला उभा! चार दिवस मी त्या झाडावर मनातून नाराज होते, हे लिहायलाही लाज वाटते. मग लक्षात आलं की लव्हाळं आपण होऊन वाकतं. गुलाब वाकत नाही, त्याला बांधावं लागतं. दोरी सोडली तर कोवळी फांदी दोन दिवसांत पुन्हा वर बघायला लागते. जास्त जोर केला तर मोडते. आणि दोन-तीन वर्षं बहर दिल्यावर वाकवलेली फांदी थकते, साल करडी पडते, ती बुंध्यातून काढून टाकावी लागते. तिच्या जागी झाड जे नवं पाठवतं ते पुन्हा ताठ. त्यामुळे हा दाखला आईच्या बाजूचा की माझ्या, हे ठरवायचं मी सोडून दिलं. आईला फोनवर एकोणीस फुलं सांगितली. ऐकायला कमी येतं तिला. दोनदा सांगितल्यावर म्हणाली, “वास कसाय?”

हा प्रश्न माझ्या आईने विचारावा!

गिरगावात आमच्या चाळीत सकाळी सहाला दाराच्या कडीला फुलपुडी अडकवलेली असायची. हिरव्या पानात बांधलेली, दोऱ्याला गाठ. पुडी आत आणायचं काम माझं. त्यात दोन जास्वंदी, थोडा झेंडू, दूर्वा, तुळस, आणि नशीब असेल त्या दिवशी एक गुलाबी गुलाब, गच्च पाकळ्यांचा, मान तुटकी. देवाची फुलं हुंगायची नसतात, हा आईचा कडक नियम. कॉमन गॅलरीतून खोलीपर्यंतची सात-आठ पावलं मी पुडी छातीशी धरून नाक खाली घालून चालायचे. हुंगत नव्हते, श्वास घेत होते. ओलं पान, दोरा, तुळस आणि त्यांच्या खालून येणारा तो वास. गोड, पण साखरेसारखा नाही. मध्येच लिंबाच्या सालीची झाक, आणि शेवटी जिभेच्या मुळाशी तुरट. आजी उन्हाळ्यात बरणीत पाकळी आणि खडीसाखर थरावर थर घालून गॅलरीत उन्हाला ठेवायची. त्या बरणीचं फडकं सोडलं की हाच वास, फक्त म्हातारा झालेला. अजूनही माझ्या झाडाचं पहिलं फूल देवाला जातं, तेव्हा मी दुसरंच हुंगते. नियम मोडायचाच, पण रांगेने.

वास सकाळचाच. सात वाजेपर्यंत फूल गच्च भरलेलं असतं. ऊन वर आलं की नऊच्या सुमारास पाकळ्या सैल पडतात, वासही निम्मा उडतो. अत्तरासाठी फुलं भल्या पहाटे तोडतात ती यासाठीच. खिडकी उघडली की आधी रस्त्यावरच्या बसचा धूर येतो, मग कुणाच्या तरी फोडणीचा हिंग, आणि या दोघांच्या मधून, जागा करून घेत, तो. कधी वाटतं, वास नाहीच आज. आणि वळले की पाठीमागून येतो. आईला हे सगळं फोनवर कसं सांगणार? “चांगलाय,” म्हटलं.

मावशींनी बंच बांधले त्या गुलाबांना वास नव्हता. “अकरा वर्षं फुलांत काढली,” त्या म्हणाल्या, “पन घरी जाताना अंगाला वास यायचा तो औषधाचा.” दुकानातला डच गुलाब मीही किती दिलाय-घेतलाय. आमच्या साहेबांच्या निरोप समारंभाचा बुके आठवतो, तीस लाल गुलाब, मी सवयीने नाक खुपसलं आणि सेलोफेनचा वास आला. लांब दांडा, फुलदाणीत आठवडाभर टिकायला हवं, प्रवासात पाकळी डागाळायला नको, अशी निवड करत करत वास मागे पडला. २०१५ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी गुलाबाच्या पाकळीत वास घडवणारं एक विकर (एन्झाइम) शोधून काढलं, आणि बिनवासाच्या गुलाबात त्याचं जनुक जवळजवळ गप्प बसलेलं असतं असं दाखवलं. म्हणजे गेलेलं नाही, बोलत नाही फक्त. घरात अशी माणसं असतात.

मार्गशीर्षातल्या त्या गुरुवारी मी पाच फुलं पानात बांधून मावशींना दिली. त्यांनी घेतली. डोक्यात माळली नाहीत, पिशवीत ठेवली, वर भाजी येणार नाही अशी. मी ‘त्या दिवशी मी जरा…’ असं सुरू केलं, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि त्यांनी जाऊन गॅस बारीक केला. मग पुढे मला पुन्हा जमलं नाही. झाडाला हात लावणं त्यांनी तेव्हाही सुरू केलं नाही.

या वर्षी सप्टेंबरअखेर पुन्हा एक पाणसोट आला. आधीच्या दोघांपेक्षा जाड, बुंध्याशी अंगठ्याएवढा. मी त्याला रोज बघायची आणि हात लावायची नाही. पुस्तकात वाचून वाकवणं म्हणजे पुस्तकात वाचून पोहणं. दसरा झाला, जुन्या फांद्या छाटून झाल्या, आणि एका सकाळी मावशी चहा घेत असताना मी म्हटलं, “मावशी, ही फांदी वाकवायचीय. मला नाही जमणार.”

त्यांनी तिथूनच, स्वयंपाकघराच्या दारातून, बघितलं. “आत्ता न्हाई,” म्हणाल्या. “सकाळची फांदी पाणी पिऊन फुगल्याली असती, कडक. काट्कन जाईल. दुपारी वाकवायची. आदल्या दिवशी पाणी जरा कमी घालायचं.” पण दुपारी त्यांची दुसरी घरं. मग त्यांनीच रविवार ठरवला.

रविवारी तीनला बेल वाजली. इस्त्रीची निळी साडी, हातात पिशवी नाही. सहा-सात वर्षांत मावशींना मी बिनकामाच्या कपड्यांत पहिल्यांदा बघत होते, आणि त्यांनाही कुठे उभं राहावं ते कळेना. मी चहा टाकायला निघाले तर म्हणाल्या, “आधी काम.” खिडकीत गुडघे टेकून त्यांनी फांदीवरून बुंध्यापासून वर अंगठा फिरवला, काट्यांच्या मधून, न बघता. वीतभरावर थांबल्या. “हितं धरा. डाव्या हातानं. घट्ट, न्हाईतर बुडातनं फाटंल. आता उजव्या हातानं खाली. ओढायचं न्हाई. नुस्तं हाताचं वजन द्यायचं.”

मी वजन दिलं. फांदी गार होती आणि आतून जिवंत वाटत होती, एखाद्या मुलाच्या मनगटासारखी. हळूहळू यायला लागली. मग बोटांना काहीतरी कळलं. आवाज म्हणता येणार नाही, सालीच्या आत एखादा दोरा ताणला जावा तसं. मावशींचा हात माझ्या हातावर आला. “थांबा. आज एवढंच. बांधा.” फांदी ना उभी, ना आडवी. निघालेल्या माणसाने दारात थबकून मागे बघावं, तशी. मी ड्रॉवरमधून दोरी काढली. मिठाईचीच, सोनेरी. मावशींनी ती बघितली आणि हसू दाबलं.

“पुढच्या रविवारी आनखी जराशी,” त्या म्हणाल्या, “मंग त्याच्या पुढच्या.” आणि गाठ तपासता तपासता, ग्रिलच्या सळईशी बोलल्यासारखं, म्हणाल्या, “गेल्या साली एका दमात केलं. पाचला दुसऱ्या घरी पोचायचं व्हतं. अकरा वर्षांत माझ्या हातनं अशी मोडली नव्हती. तुम्ही बोलला तवा म्हनलं, बरोबरच हाये.”

मी दोरीचं टोक दोनदा गुंडाळलं. ते आधीच गुंडाळलेलं होतं.

चहा झाला. त्यांनी छाटलेल्या काड्यांतल्या तीन, पेन्सिलीएवढ्या, निवडून घेतल्या. वर्तमानपत्र ओलं करून त्यात गुंडाळल्या. घराबाहेर पत्र्याशेजारी डबा ठेवायला जागा आहे म्हणाल्या, ऊन मात्र दोनच तास. चपला घालताना पुन्हा आत आल्या. “ताई, तुम्ही लई पानी घालता. रोज बघते मी. ड्रमाच्या खाली भोक हाये ना?”

“आहे ना.”

“बघितलं का कधी?”

आम्ही दोघींनी ड्रम एका अंगाला कलता केला. मावशींनी खालून बोट घातलं. भोक होतं. आत पांढऱ्या मुळांचा बोळा बसला होता.